आधी मेमरी, मगच प्रोसेसर

घरासाठी संगणक जुळवून घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न नेहमी एकच असे : प्रोसेसर कोणता? पेंटियम की सेलेरॉन, इंटेल की एएमडी, या चर्चेत एक पिढी वाढली. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटीच्या निमित्ताने मराठी मध्यमवर्गाच्या घरात संगणकाचा प्रवेश झाला, तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बाप-लेकाची जोडी हातात कोटेशनचा कागद घेऊन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरताना हमखास दिसे. त्या कागदावर पहिली ओळ प्रोसेसरची असे, आणि मेमरी म्हणजेच रॅम ही चौथ्या-पाचव्या ओळीवरची किरकोळ बाब. २०२५ च्या उत्तरार्धाने हा क्रम उलटा केला. माफक अंदाजपत्रकात संगणक जुळवू पाहणाऱ्या ग्राहकाने आता मेमरीचा भाव आधी विचारावा आणि प्रोसेसर त्यानंतर ठरवावा, अशी परिस्थिती निर्माण झाली आहे. ती का निर्माण झाली आणि तिच्यातून मार्ग कसा काढायचा, याचा विचार करणे म्हणूनच आवश्यक आहे.

जगातील संगणकीय मेमरीचा, म्हणजे ‘डीरॅम’चा, बहुतांश पुरवठा तीन कंपन्यांच्या हाती आहे : दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना ‘एचबीएम’ नावाची अतिवेगवान मेमरी लागते. ती याच कारखान्यांत, याच सिलिकॉनच्या चकत्यांवर तयार होते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीच्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट जागा लागते. साहजिकच एचबीएमची एक मागणी पूर्ण करताना साध्या मेमरीच्या तीन पट्ट्या बाजारातून कमी होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग व एसके हायनिक्स यांच्याशी जे इरादापत्र केले, त्यात महिन्याला नऊ लाख चकत्यांपर्यंतचे लक्ष्य नमूद होते. एवढे मोठे गिऱ्हाईक दारात उभे असताना कोणता उत्पादक घरगुती ग्राहकाची पर्वा करील? त्याचे उत्तर ३ डिसेंबर २०२५ रोजी मिळाले. मायक्रॉनने आपल्या ‘क्रूशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी पाळली जाईल असे कंपनीने सांगितले. परंतु जवळजवळ तीन दशके घरगुती संगणकांत दिसणारे एक नाव त्या निर्णयाने निवृत्त झाले.

याचा परिणाम किमतींवर व्हायचा तो झालाच. २०२५ च्या सप्टेंबरनंतर काही महिन्यांतच मेमरीचे भाव जगभर दुपटी-तिपटीने वाढले आणि एसएसडीमध्ये वापरल्या जाणाऱ्या फ्लॅश मेमरीनेही त्याच वाटेने प्रवास सुरू केला. भारतात त्याच डिसेंबरमध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली. आयात मालावर जगणाऱ्या बाजाराला हा दुहेरी फटका होता.

अशी टंचाई यापूर्वीही आली आहे. १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे सुमितोमोच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या रेझिनचा मोठा हिस्सा तेथून येत असल्याने मेमरीचे भाव भडकले होते. २०११ मध्ये थायलंडमधील पुराने हार्डडिस्क महाग केल्या. मूठभर कारखान्यांवर अवलंबून असलेला हा बाजार किती नाजूक आहे, हे त्या दोन्ही प्रसंगांनी दाखवले होते. मात्र ते अपघात होते. आजची टंचाई अपघाताची नाही. उत्पादकांनी अधिक नफ्याच्या मालाकडे जाणीवपूर्वक वळवलेल्या क्षमतेची आहे. पूर ओसरतो, कारखाना दुरुस्त होतो. परंतु नवा चिप कारखाना उभारून त्यातून माल बाहेर पडण्यास वर्षे लागतात. त्यामुळे ‘दोन महिने थांबू, भाव उतरतील’ हा नेहमीचा व्यवहारी सल्ला येथे लागू पडेलच असे मानता येत नाही.

आता प्रोसेसरकडे वळू. मेमरीच्या बाबतीत बाजारात दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदत आहेत : जुनी डीडीआर ४ आणि नवी डीडीआर ५. दोहोंच्या खाचा वेगळ्या असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या मदरबोर्डवर बसत नाही. म्हणूनच प्रोसेसर निवडणे म्हणजे पर्यायाने मेमरीची पिढी निवडणे होय. एएमडीचा ‘एएम ५’ हा २०२२ पासूनचा सॉकेट केवळ डीडीआर ५ स्वीकारतो. इंटेलच्या २०२४ मध्ये आलेल्या ‘एलजीए १८५१’ सॉकेटचेही तेच. याउलट एएमडीचा जुना ‘एएम ४’ हा डीडीआर ४ चा सॉकेट आहे, तर इंटेलच्या ‘एलजीए १७००’ साठी दोन्ही पिढ्यांचे मदरबोर्ड मिळतात.

गेली काही वर्षे जाणकारांचा सल्ला असा असे, की थोडे पैसे जास्त गेले तरी नवा सॉकेट घ्यावा. पुढे चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येतो. हा सल्ला तर्काला धरून होता, कारण मेमरी स्वस्त होती. २०२५ च्या सुरुवातीस १६ जीबी मेमरीसाठी तीन-चार हजार रुपये पुरत असत. ज्या दिवशी हीच मेमरी प्रोसेसरच्या किमतीशी स्पर्धा करू लागते, त्या दिवशी ‘पुढच्या सोयी’साठी आज मोजावी लागणारी रक्कम पुन्हा तपासून पाहावी लागते. त्यातही, ज्याच्या घरी डीडीआर ४ चा जुना संगणक पडून आहे, त्याच्या हाती एक छोटी ठेवच आहे असे समजावे. त्या पट्ट्या नव्या मदरबोर्डवर चालतात आणि अंदाजपत्रकातील सर्वांत महाग होऊ पाहणारी ओळ खोडता येते. लॅपटॉपची मेमरी मात्र आकाराने आखूड असते. ती डेस्कटॉपमध्ये बसत नाही.

घरगुती गरजेचा विचार केला तर दोन पर्याय प्रामुख्याने पुढे येतात. पहिला, एएमडीचा रायझेन ५ ५६००जी : २०२१ मधील सहा कोअर व बारा थ्रेडचा प्रोसेसर, ज्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. दुसरा, इंटेलचा कोअर आय ३-१२१०० : चार कोअर, आठ थ्रेड. त्याचे ग्राफिक्स दुबळे. परंतु अभ्यास, कार्यालयीन काम, बँकेचे व्यवहार, चित्रपट पाहणे यांस ते पुरेसे आहे. पुढे अधिक शक्ती हवी झाल्यास त्याच सॉकेटवर इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसू शकतात, ही त्याची जमेची बाजू. अभियांत्रिकीला जाणारा मुलगा किंवा मुलगी एकाच वेळी अनेक कामे चालवणार असेल, थोडेफार व्हिडिओ संपादन करणार असेल, तर रायझेनचे सहा कोअर उपयोगी ठरतात. दहावी-बारावीचा अभ्यास आणि आई-वडिलांचे किरकोळ काम एवढीच अपेक्षा असेल, तर आय ३ वर समाधान मानण्यात काहीच कमीपणा नाही.

येथे एका अक्षराकडे लक्ष वेधणे गरजेचे आहे. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. तो काहीसा स्वस्त मिळतो म्हणून घ्यावा आणि घरी आल्यावर पडद्यावर चित्रच उमटू नये, अशी फसगत होते. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एएमडीच्या बाबतीतही रायझेन ५ ५६०० आणि ५६००जी यांत हाच फरक आहे. अल्प खर्चाच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड हा खेळांचा शौक असणाऱ्यांचा प्रांत होय. इतरांनी त्या वाटेला न गेलेले बरे.

मेमरी किती घ्यावी? विंडोज ११ ची कागदोपत्री किमान गरज ४ जीबी आहे. पण प्रत्यक्षात ८ जीबी ही तळाची मर्यादा आणि १६ जीबी ही सुखाची. आठ-आठच्या दोन पट्ट्या जोडीने लावल्यास अंगभूत ग्राफिक्सचा वेग लक्षणीय वाढतो, कारण त्याला मेमरीशी दोन मार्गांनी देवाणघेवाण करता येते. परंतु खिसा अनुमती देत नसेल, तर आज ८ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरी खाच रिकामी ठेवावी. काही काळ वेग कमी मिळेल. मात्र पुढे भर घालण्याची सोय राहील. प्रोसेसरचा दर्जा उतरवून त्या पैशातून मेमरी वाढवणे हा दुसरा मार्ग. सामान्य वापरासाठी तोच अधिक शहाणपणाचा, कारण संगणक अडखळतो तो बहुधा मेमरी अपुरी पडल्यामुळे. साठवणुकीसाठी ५०० जीबीच्या आसपासची एसएसडी घ्यावी. तीही महागत असल्याने, जुनी हार्डडिस्क फेकून न देता छायाचित्रे व चित्रपटांसाठी वापरात ठेवावी.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगितले पाहिजे. कॅबिनेटबरोबर जणू फुकट मिळणारा एसएमपीएस हा अल्प खर्चाच्या संगणकाचा खरा शत्रू. वेगळे कार्ड नसलेल्या अशा संगणकाला वीज फारशी लागत नाही. ४५० वॉटचा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस पुरून उरतो. मात्र तो खात्रीचा असावा. पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालणाऱ्या आपल्या शहरांत दीड-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी मदरबोर्ड व मेमरी पणाला लावणे हा शुद्ध अव्यवहार होय. तसेच जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर लिहून घ्यावा. बिलाविना चार पैसे वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी तेच महागात पडतात. टंचाईच्या काळात बनावट व वापरलेला माल नवा म्हणून खपवला जाण्याचा धोका वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

नवा संगणक जुळवणे अगदीच आवाक्याबाहेर गेले तर कार्यालयांतून बाहेर पडलेले, दुरुस्त करून विकले जाणारे संगणक हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. त्यात मेमरी आधीच बसवलेली असते, हे आजच्या घडीला महत्त्वाचे. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांनाच अधिकृतपणे स्वीकारते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीचा ‘आय ५’ आकर्षक किमतीत दाखवला जात असेल, तर तो स्वस्त का आहे, हे ओळखावे. लिनक्स वापरण्याची तयारी असणाऱ्यांनाच तो उपयोगाचा. मराठी टंकलेखनासह नित्याची बहुतेक कामे लिनक्सवर विनासायास होतात, हेही खरे.

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या चातुर्याचा मात्र नाही. भारत सेमीकंडक्टर क्षेत्रात मोठी गुंतवणूक करीत आहे. गुजरातमधील साणंद येथील मायक्रॉनच्या २२,५१६ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण तो चिपची जुळणी व चाचणी करणारा प्रकल्प आहे. मूळ चकत्या परदेशातूनच येणार. येथे वेष्टन चढले म्हणून लॅमिंग्टन रोडवरचा भाव आपोआप उतरेल, अशी अपेक्षा बाळगण्यात अर्थ नाही. त्याचा भाव जागतिक मागणीच ठरवणार. सरकारच्या हाती त्वरित असलेले साधन एकच, ते म्हणजे कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या व पेन्सिलींवरील जीएसटी शून्यावर आला, तो योग्यच होता. परंतु संगणक व त्याचे भाग १८ टक्क्यांच्या टप्प्यातच राहिले. टक्का तोच राहिला तरी मूळ किंमत दुप्पट झाली की कराची रक्कमही दुप्पट होते; म्हणजे टंचाईचा लाभ उत्पादकाबरोबर तिजोरीलाही मिळतो. प्रवेश अर्जापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत सारे काही संगणकावर नेल्यानंतर तो विद्यार्थ्याच्या दृष्टीने वहीइतकाच आवश्यक ठरतो. किमान अल्प क्षमतेच्या शैक्षणिक संगणकांना तरी खालच्या टप्प्यात आणण्याचा विचार व्हायला हवा.

तो होईल तेव्हा होवो. तोपर्यंत जून महिन्यात महाविद्यालये सुरू होण्याआधी संगणक घेणे भाग असलेल्या पालकाने कोटेशनचा कागद उलट्या क्रमाने वाचायला शिकावे. घरी कोणती मेमरी पडून आहे ते आधी पाहावे, बाजारात कोणती परवडते ते विचारावे, तिला साजेसा मदरबोर्ड व प्रोसेसर निवडावा आणि एसएमपीएसवर तडजोड करू नये. मेमरी स्वस्त होती, तोवर प्रोसेसरच्या नावावरून वाद घालण्याची चैन परवडत होती. आता हिशेब मेमरीपासूनच सुरू करावा लागेल.