दहा मिनिटांची द्वारसभा

कारखाना असो, बँक असो की एस.टी.चा डेपो, युनियनची सभा म्हटली की बरेच सभासद हळूच काढता पाय घेतात. त्यांना युनियन नको असते असे नाही. पण जेवणाची सुट्टी जेमतेम अर्धा तास, त्यात डबा खायचा, हातपाय मोकळे करायचे. आणि पुढारी मात्र जागतिक परिस्थितीपासून सुरुवात करतात! पाळी सुटल्यावर सभा ठेवली तर कुणाची लोकल चुकते, कुणाला पाळणाघरातून मूल आणायचे असते. सर्वांत आधी गळतात त्या स्त्री सभासद, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्रश्नही.

खरे तर दहा मिनिटे पुरेशी असतात. मात्र त्यासाठी आधी तयारी हवी.

विषय एकच ठेवा. रात्रपाळीच्या बसचा प्रश्न असेल तर बोनस त्या दिवशी काढू नका. विषय, जागा आणि वेळ आदल्या दिवशीच फळ्यावर लिहा. आवारात सभा असेल तर परवानगी आधी घ्या; फाटकाबाहेर असेल तर येण्याजाण्याची वाट मोकळी सोडा.

ठरल्या वेळी सुरुवात करा, चारच माणसे आली असली तरी. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलात, तर पुढच्या वेळी वेळेवर येणारेही उशिरा येतील.

वक्ता एकच असावा. काय घडले, आपली मागणी काय आणि प्रत्येकाने काय करायचे, एवढेच त्याने चार मिनिटांत सांगावे. पुढची चार मिनिटे सभासदांची. नेहमीच्या बोलक्यांना जरा थांबवून नव्यांना आणि स्त्रियांना आधी विचारा. मुंबईत २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरवलेल्या गिरणी कामगारांच्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या होत्या. त्याच वर्षी गिरण्यांना रविवारची सुट्टी मान्य झाली.

एखाद्याचे खासगी गाऱ्हाणे निघाले तर ते चारचौघांत उकलू नका. सभेनंतर प्रतिनिधीने त्याला भेटावे.

उरलेल्या दोन मिनिटांत निर्णय वाचून दाखवा. काम कुणाचे आणि कधीपर्यंत, हे वहीत लिहा. तोच मजकूर दुसऱ्या पाळीसाठी फळ्यावर लावा.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘उद्यापासून काम बंद’ असा निर्णय दहा मिनिटांच्या आवेशात कधीही घेऊ नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाची नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तरी तो संपच मानला जातो. असे विषय सर्वसाधारण सभेत, सल्ला घेऊन, सावकाश ठरवावेत. त्यावर अनेक घरांच्या चुली अवलंबून असतात.

आणि पुढची सभा सुरू करताना आधी मागची वही उघडा. ठरलेले काम झाले की नाही, हे सांगा. झाले नसेल तर तेही सांगा. मग सभासदांना बोलवायला फाटकाशी उभे राहावे लागणार नाही.