इमारत तिशीला आली, आता तपासणी करून घ्या

जबलपूरच्या कांचघर, घमापूर आणि रांझी भागांतल्या सर्व कुटुंबांना कळकळीची विनंती आहे. तुम्ही राहता ती इमारत २२ मे १९९७ रोजी उभी होती का, हे आधी विचारून घ्या. त्या पहाटे जबलपूरला सुमारे ६ तीव्रतेचा भूकंप झाला. चाळिसेक माणसे दगावली, हजारो घरांचे नुकसान झाले. तो धक्का सोसलेली प्रत्येक इमारत आज तिशीला आली आहे किंवा तिशी ओलांडून गेली आहे. तेव्हाच्या भेगांवर नुसते प्लास्टर फिरवले असेल, तर आत काय झाले आहे ते कुणालाच माहीत नाही.

शेजारच्या महाराष्ट्रात तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. मुंबई महापालिका कायद्याचे कलम ३५३ ब तेच सांगते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. आपल्याकडे मात्र पावसाळा तोंडावर आला की ‘जर्जर भवन’ म्हणून नोटिसा निघतात. त्या नोटिशीची वाट पाहू नका. बाहेरून रंगवलेली इमारतही आतून पोखरलेली असू शकते.

धोका कसा वाढतो, ते समजून घ्या. गच्चीवर पाणी साचते, न्हाणीघराची गळती वर्षानुवर्षे चालू राहते आणि ओल काँक्रीटमध्ये उतरते. सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून काढते. म्हणून छताचे पोपडे पडणे, सळई उघडी दिसणे, खांबावर उभी भेग पडणे, दारे-खिडक्या अचानक अडकायला लागणे, यांतले काहीही दिसले तर गवंड्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो हातोडीने ठोकून बघेल, रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी करेल, गरज पडल्यास काँक्रीटचा नमुना काढून तपासेल. त्याच्याकडून सहीशिक्क्याचा लेखी अहवाल घ्या. ओळखीत कुणी नसेल, तर जबलपूर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात चौकशी करा.

तळमजल्यावर दुकान असेल तर विशेष लक्ष ठेवा. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईतल्या घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून सतरा जण गेले. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. जागा मोठी करायला कुणी खांब किंवा भिंत तोडत असेल, तर संकोच न करता ताबडतोब काम थांबवायला लावा आणि नगर निगमला लेखी कळवा. शेजाऱ्याशी आलेला दुरावा पुढे मिटवता येतो.

भाडेकरूंची भीती खरी आहे: एकदा बाहेर पडलो की जागा हातची जाईल. त्या भीतीपायी माणसे पडक्या छताखाली दिवस काढतात. म्हणून तपासणी आधीच व्हायला हवी, कारण दुरुस्ती वेळेत झाली तर बहुतेकदा घर सोडावेच लागत नाही. सोडावे लागलेच, तर निघण्यापूर्वी खोल्यांची मापे लिहून घ्या, फोटो काढा, भाड्याच्या पावत्या जपून ठेवा आणि परत येण्याचा हक्क मालकाकडून लेखी घ्या. मालकांनाही सांगणे आहे: भाडे कमी येते म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

खर्चाची चिंता सगळ्यांनाच आहे. पण तपासणीचा खर्च इमारतीतल्या सगळ्या घरांत वाटला, तर तो झेपण्याजोगा होतो. येत्या रविवारी इमारतीतल्या सगळ्यांनी एकत्र बसा. बांधकामाचे वर्ष, जुनी दुरुस्ती, गळतीच्या जागा एका वहीत लिहा, वर्गणी ठरवा आणि इंजिनिअरला बोलवायची तारीख नक्की करा. अहवालात ‘रिकामी करा’ असे आले, तर त्यावर वाद घालत पावसाळा काढू नका. आधी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना सुरक्षित जागी हलवा.