फडावर जाणाऱ्या लेकराचे औषध

दसरा जवळ आला की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे निघायच्या तयारीला लागतात. ऊसतोडणीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. याच दिवसांत आपल्या ओपीडीत ठरलेली विनंती येते : “डॉक्टरसाहेब, आम्ही कारखान्यावर चाललो, लेकराचं औषध जास्तीचं लिहून द्या.” ज्या मुलाला फिट येतात, त्याच्या आईला आपण त्या पाच मिनिटांत काय देतो आणि काय सांगतो, यावर त्या मुलाचा अख्खा हिवाळा अवलंबून असतो. हे संपादकीय मुद्दाम हंगामाआधीच्या अंकात घेतले आहे ते यासाठी.

अपस्मारात कोणते औषध निवडावे, यावर आपल्या परिषदांमध्ये भरपूर चर्चा होते. ते औषध घरात कसे मोजले जाते, हा विषय मात्र कंपाउंडरवर सोडलेला असतो. माझ्या मते मुलांच्या बाबतीत निम्मा धोका तिथेच आहे.

साधे गणित करून पाहू. दहा किलोचे मूल व्हॅल्प्रोएटवर आहे, किलोला दिवसाला २० मिलिग्रॅम म्हणजे रोज २०० मिलिग्रॅम. सिरपमध्ये ५ मिलीत २०० मिलिग्रॅम असते, म्हणून आई सकाळ-संध्याकाळ अडीच मिली, तिच्या भाषेत ‘अर्धा चमचा’, देते. पुढे काही कारणाने आपण लेव्हेटिरासेटाम सुरू करतो. त्याच्या सिरपमध्ये १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असते. किलोला १० मिलिग्रॅमचा सुरुवातीचा एक डोस म्हणजे फक्त १ मिली. चिठ्ठीवर नुसते नाव आणि ‘दोन वेळा’ लिहिले असेल, तर आई सवयीने अर्धा चमचाच देणार आणि मूल अडीच पट औषध घेऊन दिवसभर पेंगत राहणार. फेनिटॉइनचे तर एकाच औषधाचे दोन प्रकार बाजारात आहेत, ५ मिलीत ३० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. गावातल्या दुकानात एक मिळाले आणि कारखान्याजवळच्या दुकानात दुसरे, तर तोच चमचा चौपटीहून जास्त औषध देतो. शिवाय फेनिटॉइनची पातळी डोसच्या प्रमाणात वाढत नाही, एका मर्यादेनंतर एकदम उसळते. झोकांड्या आणि डोळ्यांची थरथर घेऊन आलेल्या मुलाला ‘आजार वाढला’ म्हणून डोस वाढवून मिळाला, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम, मिली आणि सिरपची तीव्रता या तिन्ही गोष्टी हव्यात. घरातला चमचा बंद, मिलीच्या खुणा असलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज सुरू. पहिला डोस आईने आपल्यासमोर भरावा आणि योग्य खुणेवर आपण चिकटपट्टी लावावी. वाचता न येणाऱ्या आजीलाही ती रेघ कळते, आणि आजीला ती कळणे फार गरजेचे आहे. कारण कित्येक मुले फडावर जात नाहीत, गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. औषध रोज जो देणार, त्यालाच शिकवायला हवे. फेनिटॉइनची बाटली प्रत्येक वेळी जोरात हलवायची, हेही तेव्हाच दाखवावे. औषध तळाशी बसते. न हलवता दिले तर बाटलीच्या सुरुवातीला फिट येतात आणि बाटली संपत आली की गुंगी.

आता पुरवठ्याचे. वर सांगितलेल्या मुलाला रोज ५ मिली व्हॅल्प्रोएट लागते, सहा महिन्यांना ९०० मिली. म्हणजे १०० मिलीच्या नऊ काचेच्या बाटल्या बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये आणि मग कोपीत. हे होणारे नाही. मूल गोळी गिळू शकत असेल तर हंगामाच्या दोन महिने आधी त्याला गोळीवर आणावे, म्हणजे बदल आपल्या नजरेखाली होतो. सावकाश विरघळणारी गोळी कुटायची नाही, हे स्पष्ट सांगावे. व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतला ओलावा शोषते, ती पाकिटातून काढून कागदाच्या पुडीत देऊ नये. ‘महिन्याने या’ हे उत्तर तर या कुटुंबाला देऊच नये. ते येऊ शकत नाहीत, औषध संपते, आणि फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम एकाएकी बंद पडले की थांबवता न येणारी फिट येते. किमान तीन महिन्यांचे औषध आणि पुढच्या डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी, एवढे तरी आपल्या हातात आहे.

त्या चिठ्ठीत डोसबरोबर दोन ओळी आणखी लिहाव्यात. मूल कार्बामाझेपिनवर असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि आयसोनियाझिडने त्याची पातळी चढते; व्हॅल्प्रोएटवर असेल तर मेरोपेनेमने ती कोसळते. खोकल्या-तापासाठी तिकडच्या डॉक्टरांकडे गेलेल्या मुलाचे जुने औषध तिथे कुणाला माहीत नसते.

पाच मिनिटांपेक्षा लांबणाऱ्या फिटसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे सोबत द्यावा, डोस किलोला ०.२ मिलिग्रॅम. इथेही तीव्रतेचा घोळ आहेच. ०.५ मिलिग्रॅमचा स्प्रे असेल तर दहा किलोच्या मुलाला चार फवारे लागतात, १.२५ चा असेल तर दोनातच थोडे जास्त होते. फवाऱ्यांची संख्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहावी. कांदा हुंगवणे, तोंडात चमचा घालणे थांबवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा, हे मुकादमालाही सांगता आले तर उत्तम.

मुलींबद्दल वेगळे लिहिलेच पाहिजे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे दहातल्या एका बाळात मोठे जन्मजात व्यंग असते आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. या जिल्ह्यात बारा वर्षांच्या मुलीला व्हॅल्प्रोएट लिहिताना ‘अजून लहान आहे’ म्हणता येत नाही. लग्न जमवताना आजार लपवला जातो, आणि सासरी पहिली बंद होते ती गोळीच. शक्य तिथे दुसरे औषध निवडावे, बदल हळूहळू करावा, आणि मुलीच्या आईशी हे आत्ताच बोलावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत फिटचे विकार आहेत. पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. त्यातली एक फेरी दसऱ्याआधी या तालुक्यांत झाली, तर जाणाऱ्या मुलांची नावे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आधीच असतील आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला औषधाची मागणी वेळेत नोंदवता येईल. कुटुंबे मार्च-एप्रिलात परतली की पहिल्याच भेटीत वजन घ्या आणि डोस नव्याने मोजा. वाढत्या मुलाला ऑक्टोबरचा डोस एप्रिलमध्ये कमी पडलेला असू शकतो.