यादीबाहेरचे बाळ

बाळ दूध पिऊन निजते, फारसे रडत नाही. आजीला कौतुक वाटते, ‘किती गुणी आहे!’ कावीळ तीन आठवडे रेंगाळते, तिच्यावर कोवळ्या उन्हाचा उपाय चालू असतो. बेंबी फुगली म्हणून तिच्यावर नाणे बांधतात. चार-चार दिवस शी झाली नाही, तर दूध अंगी लागते आहे असे समजून सोडून देतात. यातली एकेक गोष्ट निरोगी बाळातही दिसते. म्हणूनच थायरॉइडची जन्मजात कमतरता घरच्यांच्याच काय, डॉक्टरांच्याही नजरेतून निसटते.

जन्माच्या वेळी तर बहुतेक बाळांत लक्षण असे नसतेच. पोटात असताना वारेतून आलेले आईचे थायरॉक्सिन (थायरॉइडचे संप्रेरक) आणि स्वतःच्या अर्ध्यामुर्ध्या ग्रंथीतून झिरपणारे थोडेसे, यांवर बाळाचे सुरुवातीचे दिवस निभावतात. चेहरा सुजट, जीभ जाड आणि रडणे घोगरे होईपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे हातातून गेलेले असतात. नवजात बाळांची सरसकट तपासणी सुरू होण्याआधी, १९७२ साली एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत औषध सुरू झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक त्यात ८९ भरला; सहा महिन्यांनंतर सुरू झालेल्यांचा ५४. पुढे दोनच वर्षांनी कॅनडातल्या क्यूबेकमध्ये डॉ. जाँ द्युसो यांनी गाळणकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांतून ही तपासणी सुरू केली.

आता प्रश्न जोखमीचा. जोखमीचे घटक ठाऊक आहेत. अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ, जुळी, डाउन सिंड्रोम, घरात आधीच्या मुलाला हाच आजार, आईच्या आहारात आयोडीनचा तुटवडा, आईला चालू असलेली थायरॉइड दाबणारी औषधे. आणि आयोडीनचा अतिरेकही, म्हणजे बाळाच्या नाजूक त्वचेवर वारंवार चोपडलेले तपकिरी जंतुनाशक. मुलींत हा आजार मुलांच्या जवळपास दुप्पट आढळतो. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, तिचा संबंध ग्रंथी जागेवर असून संप्रेरक बनवू न शकणाऱ्या आनुवंशिक प्रकाराशी येतो. आईवडील दोघांकडे तोच दोष असेल, तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक एवढी शक्यता असते.

यादी लांबलचक आहे, पण ती हातात घेऊन दारात उभे राहायचे आणि ‘तू जोखमीचा नाहीस, तुझी तपासणी नको’ असे बाळांना सांगायचे, हे चूक आहे. खर्च वाचवण्यासाठी जोखमीच्याच बाळांची तपासणी करावी, हा विचार वरवर सोयीचा वाटतो. त्यात सर्वाधिक नुकसान यादीबाहेरच्या बाळाचे होते. कारण या आजाराच्या बहुसंख्य बाळांत दोष ग्रंथीच्या घडणीत असतो. ती जिभेच्या मुळाशी तयार होऊन मानेत उतरते. कधी वाटेत अडकते, कधी खुरटते, कधी तयारच होत नाही. असे का घडले, याचे कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पूर्ण दिवसांचे, तीन किलोचे, नात्याबाहेर लग्न झालेल्या आईवडिलांचे पहिले बाळ हे या आजाराचे अगदी नेहमीचे बाळ आहे.

मग यादीचा उपयोग काय? दुसऱ्या तपासणीसाठी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतली संदेशयंत्रणा कच्ची असते. थायरॉक्सिन कमी असूनही ग्रंथीला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक वेळेवर चढत नाही आणि पहिला अहवाल खोटा दिलासा देतो. एकच वार असलेल्या जुळ्यांत निरोगी भावंडाचे रक्त आजारी भावंडात मिसळून दोष झाकू शकते. अशा बाळांची, तसेच अतिदक्षता विभागात राहिलेल्यांची, दोन आठवड्यांच्या सुमारास पुन्हा तपासणी झालीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाळाला हा आजार निघाला की घरात बोट आईकडे वळते: ‘तू थायरॉइडच्या गोळ्या घेत होतीस ना!’ थायरॉइड कमी असलेल्या आईने गर्भारपणात गोळी घेणे बाळाच्या हिताचेच असते, आणि अशा बहुतेक आयांची बाळे निरोगी निपजतात. भीतीपोटी ती गोळी बंद करणे मात्र घातक ठरते. साध्या आयोडीनयुक्त मिठाऐवजी सैंधव ‘नैसर्गिक’ म्हणून गर्भवतीच्या ताटात येऊ लागले आहे, तेही थांबवलेले बरे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली, तेव्हा साधारण ११३० बाळांमागे एकाला हा आजार आढळला. मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकातच ही तपासणी करून दाखवली होती. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बाळांची तपासणी हाती घेतली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला; पण त्याच्या तीस आजारांच्या यादीत हा आजार अगदी शेवटी आणि ऐच्छिक ठेवला गेला. सुरुवातीलाच हाती लागला तर ज्याने होणारे मतिमंदत्व रोज एका स्वस्त गोळीने टळते, तो आजार ऐच्छिक ठेवणे समर्थनीय नाही.

तपासणी झाली तरी काम संपत नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते, नोंदवलेला फोन सासरच्या गावी असलेल्या नवऱ्याचा असतो आणि सव्वा महिन्याने बाळ दुसऱ्या जिल्ह्यात जाते. अशात अहवाल फायलीत पडून राहू शकतो. रुग्णालयाने दोन्ही घरांचे क्रमांक घ्यावेत. आशा सेविका चौदाव्या दिवशी घरी येतातच, अहवाल पाहण्याचे काम त्यांच्या भेटीत जोडावे. औषध दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे. गोळी कुटून चमचाभर आईच्या दुधात द्यायची. लोह आणि कॅल्शियमची औषधे तिच्यासोबत द्यायची नाहीत. आणि मूल टुणटुणीत दिसते म्हणून आपल्या मनाने ती बंद करायची नाही. आजार तात्पुरता होता का, हे डॉक्टर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तपासून ठरवतात.

घरात बाळंतपण असेल, तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी बाळाची टीएसएच तपासणी झाली का, हे विचारा. नाळेचे रक्त घेतले नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाचेतून घ्यायला सांगा. त्याआधी नको; पहिल्या चोवीस तासांत टीएसएच स्वभावतःच चढलेले असते. आणि अहवाल हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.