चार इंचांचा हिशेब

आपल्याकडे केक विकत घेताना पहिला प्रश्न चवीचा नसतो, वजनाचा असतो. ‘अर्धा किलोला काय घेता?’ आमच्या लहानपणी बेकरीत हाच प्रश्न पौंडात विचारला जायचा. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम हे शाळेत शिकण्याआधी आम्हाला वाढदिवसाच्या केकने शिकवलं होतं. पुढे पौंड गेला, किलो आला, काचेमागच्या केकवर गुलाबाच्या जागी चॉकलेटच्या पट्ट्या आल्या, पण तराजू काही जागचा हलला नाही. साडी आपण मीटरवर घेत नाही, चित्र चौरस फुटावर घेत नाही. केक मात्र बटाट्यासारखा तोलून घेतो.

या सवयीची खरी परीक्षा फेब्रुवारीत होते. माझी धाकटी जाऊ डोंबिवलीत घरून केक करते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची रीतसर नोंदणी आहे, तिचा चौदा अंकी क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. वर्षभर वाढदिवस, बारशी, डोहाळजेवणं चालू असतात. पण ७ तारखेला रोझ डे लागला की प्रपोज, चॉकलेट, टेडी, प्रॉमिस, हग, किस अशा पायऱ्या चढत व्हॅलेंटाइन डेपर्यंतच्या आठवड्यात सगळं जग एकाएकी लहान होतं. मोठा केक कुणाला नको असतो. हवा असतो तो चार इंची, दोघांत संपणारा, वर गुलाबी बदाम आणि एक ओळ. याला बेंटो केक म्हणतात. हा प्रकार कोरियातून आला, करोनाच्या काळात मोबाइलच्या पडद्यावरून जगभर पोहोचला आणि आता कल्याण-डोंबिवलीच्या गल्लीगल्लीत मिळतो. तो ठेवायचा डबा झाकणासकट एकसंध असतो आणि पुष्कळदा उसाच्या चिपाडापासून केलेला. आतली साखर उसाची, बाहेरचा डबाही उसाचा.

तर परीक्षा अशी, की फोन येतो: ‘पाव किलोचाच आहे ना? मग अर्ध्या किलोच्या निम्मे लावा की.’ 

मागणी वरवर रास्त वाटते. म्हणून मी एकदा कागद घेऊन बसले. अर्ध्या किलोचा केक साधारण सहा इंच व्यासाचा असतो, बेंटो चार इंचांचा. दोन्हींची उंची तीन इंच धरली तर लहान केकचं घनफळ मोठ्याच्या ४४ टक्के भरतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण क्रीमने मढवायची बाजू आणि माथा मोजला तर तो निघतो ५९ टक्के. आतला ऐवज झपाट्याने घटतो, वरचं काम तितकं घटत नाही. आणि हे झालं फक्त क्षेत्रफळाचं. टर्नटेबलवर ठेवणं, चुरा धरून ठेवणारा पहिला पातळ थर देणं, फ्रिजमध्ये घट्ट करणं, दुसरा थर, पॅलेट नाइफने कड सारखी करणं, किनार, अक्षरं, डबा, रिबन: यातली एकही गोष्ट चार इंचांना निम्मी होत नाही. उलट वाढते. नंतर घासायला निघालेल्या नोझलना तर केकचा आकार माहीतच नसतो.

‘ताई, हा हिशेब तुम्ही पेपरात छापा,’ जाऊ म्हणाली. ‘मी सांगितलं तर लोकांना वाटतं पैसे वाढवायला सांगतेय.’ पैसे वाढवायलाच सांगायला हवं असं माझं मत आहे, पण ते असो.

लहान केक लहान भांड्यात भाजतात असा माझा समज होता, आणि तसे भाजणारेही आहेत. पण ऑर्डरी जास्त असल्या की आठ बाय बारा इंचांच्या चौकोनी ट्रेमध्ये पातळ स्पंज भाजून त्यातून रिंगने चकत्या पाडणं सोयीचं. एका ट्रेमधून चार इंची सहा चकत्या निघतात आणि जवळजवळ पाचवा हिस्सा कोपऱ्या-कापऱ्यांच्या रूपाने उरतो. तो फेकायचा नसतो. काचेच्या छोट्या बरण्यांत क्रीमबरोबर थर लावून त्याचे जार केक होतात, किंवा चुरा मळून, चॉकलेटमध्ये बुडवून काडीवरचे गोळे. आमच्या घरातली मुलं फेब्रुवारीत त्याच उरलेल्यावर जगतात आणि त्यांची काही तक्रार नसते.

बदामाच्या आकाराला वेगळा साचा लागतो असंही नाही. चौरस केक कोनावर उभा धरायचा, त्याच्या बाजूइतक्या व्यासाचा गोल केक मधोमध कापायचा आणि ती दोन अर्धवर्तुळं चौरसाच्या वरच्या दोन बाजूंना चिकटवायची. बदाम तयार. भूमिती एवढ्या गोड कामासाठी शाळेत कुणी वापरली नाही. अडचण येते ती पुढे, वरच्या खाचेत. मोठ्या केकच्या खाचेत सुरी फिरते. चार इंचीच्या खाचेत ती शिरतच नाही, क्रीम मात्र हटकून तिथेच साठतं. जाऊ जुन्या एटीएम कार्डाची कापलेली, उकळत्या पाण्याने धुतलेली पट्टी तिथे वापरते. बाजारात त्यासाठी वेगळं हत्यार असेलही. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकच्या सामानाची दुकानं पाहिली तर नसलेलं हत्यार शोधणंच कठीण. मस्जिद स्टेशनला उतरून ती तिथे ‘फक्त डबे आणायला’ जाते आणि परत येताना लोकलमध्ये तिला सीटची नाही, पिशव्यांसाठी रॅकची काळजी असते.

गेली काही वर्षं बदामी केकवर झालरी, गोफ, शिंपल्यांची दुहेरी किनार आणि टोकाटोकाला चेरी अशी जुन्या वळणाची सजावट चालते. तरुण मुली तिला ‘व्हिंटेज’ म्हणतात. या पद्धतीला नाव आहे जोसेफ लॅम्बेथ यांचं. त्यांचं या सजावटीवरचं पुस्तक १९३४ सालचं. एका रेघेवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी नक्षी चढवत नेऊन उठाव आणणं हा तिचा प्राण. लॅम्बेथपद्धत लग्नाच्या मजल्यामजल्यांच्या केकवर शोभायची. ती चार इंचांवर आणायची तर नोझल बारीक लागतं. भोक बारीक झालं की मुठीचा जोर वाढतो, मुठीच्या उबेने पिशवीतलं क्रीम सैल पडतं आणि शिंपल्यांची टोकं बसतात. म्हणून एकाच रंगाच्या दोन पिशव्या भरायच्या, एक हातात, एक फ्रिजमध्ये, आणि थोड्या थोड्या वेळाने अदलाबदल. १३ तारखेच्या रात्री मी जाऊकडे गेले की माझ्याकडे हेच काम असतं. पिशव्या फिरवणं आणि गप्प बसणं. दुसरं मला जड जातं.

आता क्रीमबद्दल. चहा-कॉफीत किंवा भाजीत घालतो ते पाकिटातलं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. ते कितीही घोटलं तरी केकवर उभं राहत नाही. केकवाले वापरतात ते बहुतेक वेळा दुधाचं नसतंच. वनस्पती तेलाचं, आधीच गोड केलेलं, गोठवून विकलं जाणारं क्रीम ते. फ्रिजमध्ये वितळवून बीटरने फिरवलं की तिपटीने फुगतं आणि मुकाट्याने उभं राहतं. मला त्याची चव आवडत नाही. टाळूला मेणाचा थर बसल्यासारखं वाटतं. खऱ्या लोण्याच्या बटरक्रीमपुढे ते काहीच नाही. पण लोणी ३२ ते ३५ अंशांना पातळ होतं, आणि आमच्याकडे फेब्रुवारीची पहाट गारठ्याची असली तरी दुपारी पारा तिशी ओलांडतो. त्या उन्हात, स्कूटरवर, गतिरोधकांवरून बटरक्रीमचा बदाम ठाकुर्लीपर्यंतही बदाम राहणार नाही. फाँडंटचं दुखणं वेगळं: फ्रिजमधून बाहेर काढलं की दमट हवेत त्याला घाम फुटतो. तेव्हा मी नाक मुरडते आणि जाऊ मेणाचं क्रीम फेटते.

लाल रंग हा आणखी एक वाद. गिऱ्हाइकाला लालभडक हवा असतो. पांढऱ्या क्रीममध्ये लाल रंग टाकला की आधी मिळतो तो गुलाबी. मग आणखी थेंब, आणखी थेंब. ओतत राहिलं तर क्रीम कडवट होतं आणि खाणाऱ्याची जीभ दुसऱ्या दिवशी ऑफिसात साक्ष देते. जाणकार दोन युक्त्या करतात. पहिली, क्रीममध्ये आधी थोडा कोको, म्हणजे रंग कमी लागतो. दुसरी, रंग आदल्या रात्रीच मिसळून ठेवायचा, तो मुरत मुरत गडद होतो. तरीही जाऊचा सल्ला एकच असतो, ‘गुलाबीच घ्या.’

या सगळ्याहून अवघड काम म्हणजे अक्षरं. इंग्रजी शुभेच्छा क्रीमने एका दमात, हात न उचलता वळवता येतात. आपल्या लिपीचं तसं नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाला हात उचला, पुन्हा टेका. टेकला की थेंब, उचलला की शेपूट. ‘प्रिय’ लिहिताना ‘प’च्या पोटातली रेघ क्रीममध्ये बुडते. ‘हृदय’ अर्ध्या इंचात लिहून पाहा. अनुस्वार तर असा जाड पडतो की शब्दाला तीट लावल्यासारखा दिसतो. जाऊने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला: ती शिरोरेघ आधी ओढते आणि अक्षरं तिला खाली टांगते. मोडी लिहिणारे असंच करायचे, पानभर रेघा आधी आणि अक्षरं मागाहून. मोडीचं नाव तिने फक्त इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं. ती तिथे पोहोचली ती क्रीमच्या पिशवीतून.

मराठी मजकुराची मागणी वाढते आहे हे नक्की. लोक तो मोबाइलवर रोमन लिपीत पाठवतात आणि ती तो देवनागरीत उतरवते. जागा जेमतेम तीन-चार शब्दांची असल्याने भाषा आपोआप चोख होते. ‘घोरणं माफ.’ ‘लोन फिटेपर्यंत सोबत.’ ‘तू, मी, ८.१४ फास्ट.’ हा शेवटचा मजकूर मागवणारी मंडळी चाळिशीपुढची होती आणि केक बायकोने नवऱ्यासाठी घेतला होता. कॉलेजातली मुलं इंग्रजीत लिहायला सांगतात आणि मोठी वाक्यं देतात. ती वाक्यं छाटताना जाऊच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते मी पुरवण्यांच्या उपसंपादकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत. दोन हजार सालाच्या आसपास मुंबईत व्हॅलेंटाइन डेला दुकानांपुढे शुभेच्छापत्रांच्या होळ्या व्हायच्या आणि आम्ही वर्तमानपत्रवाले त्यांचे फोटो छापायचो. त्या वेळी घोषणा देणाऱ्यांपैकी किती जण आता ‘बिनअंड्याचा आहे ना, घरी चालत नाही’ असं विचारून केक नेतात, याची मला राहून राहून उत्सुकता वाटते. २०२४ मध्ये तर वसंत पंचमीच १४ फेब्रुवारीला आली होती. वाद घालायला कुणाला निमित्तच उरलं नाही.

बिनअंड्याचा प्रश्न पुण्यात एका बाईंनी थेट कलेच्या पातळीवर नेला. प्राची धबल देब यांचं काम रॉयल आयसिंगमधलं. हे आयसिंग मूळचं अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं आणि पिठीसाखरेचं. इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे ते शिकून त्यांनी अंड्याशिवायचं रॉयल आयसिंग वापरात आणलं आणि त्यातून मिलानच्या कॅथीड्रलची प्रतिकृती उभी केली. लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने २०२२ मध्ये तिची नोंद घेतली. कमानी, मनोरे, जाळ्या, सगळं साखरेचं. पण बातमीच्या मथळ्यात काय आलं? ‘शंभर किलोचा केक.’ इथेही तराजूच.

जाऊने यंदा दरपत्रकातून ‘किलो’ हा शब्द काढून टाकला. आता त्यावर आकार आहे, काम साधं की नक्षीचं ते आहे, आणि अक्षरांचा दर वेगळा आहे, जोडाक्षरांना सूट नाही. काही जुनी गिऱ्हाइकं गेली. काहींनी ‘किती ग्रॅम भरेल?’ हे विचारणं सोडलेलं नाही. नवऱ्यांचे फोन १४ तारखेच्या संध्याकाळी सातनंतर येतात आणि तेव्हा ग्रॅमचं नाव कुणी काढत नाही, ही एक निरीक्षणाची गोष्ट.

१५ तारखेला फ्रिज रिकामा झाला. दोनच दिवसांत एका ऑफिसातून महिला दिनाची चौकशी आली. ८ मार्चला सगळ्या महिला कर्मचाऱ्यांना एकेक कपकेक, वर जांभळं फूल आणि प्रत्येकीचं नाव. बोलणारे गृहस्थ फार अदबीने बोलत होते. नावांची यादी पाठवतो म्हणाले, डिलिव्हरी सकाळी नऊच्या आत हवी म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, ‘मॅडम, महिला दिन आहे, थोडे कमी कराल ना?’ जाऊने यादी मागवून घेतली. तीत दोन ज्ञानेश्वरी, एक ऋतुजा आणि एक क्षितिजा आहे. दर तिने अजून कळवलेला नाही.