घों घों करणारा पंखा

सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘आमचा कॉम्प्युटर सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत घों घों करतो. बाबा म्हणतात, आता नवाच घ्यावा लागणार. दादा म्हणतो, पंख्याची वायरच काढून टाकू. काय करू?’

आधी दादाला थांबव, बरं का!

आवाज पंखा करतो, म्हणून तोच गुन्हेगार वाटतो. पण तो बिचारा हुकमाचा ताबेदार. प्रोसेसर नावाची चिप काम करताना तापते. तिच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. उष्णता त्या पट्ट्यांत पसरते आणि पंखा वारा घालून ती बाहेर घालवतो. चिप किती तापली हे मोजायची सोय तिच्यातच असते. ती फार तापली की पंख्याला हुकूम सुटतो, ‘जोरात फीर!’ पंखाच काढला तर? पारा १०० अंशांच्या आसपास पोहोचला की चिप आपलं काम मंद करते. तेवढ्यानंही भागलं नाही, तर कॉम्प्युटर एकदम बंद पडतो. (गंमत म्हणजे १९८१ सालच्या आयबीएम पीसीत प्रोसेसरवर पंखाच नव्हता. ती चिप फारशी तापतच नसे!)

तेव्हा प्रश्न पंख्याचा नाही, उष्णतेचा आहे. ती येते कुठून, ते शोधू या.

सुरू करताना काही सेकंद आवाज येतो, किंवा गेम खेळताना येतो, तर काळजी नको. पण काहीच काम चालू नसताना येतो? मग विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. दोन-तीन मिनिटं थांबा आणि ‘सीपीयू’चा आकडा पाहा. आपण काहीच करत नसताना तो पाच-दहा टक्क्यांच्या आत असेल, तर ठीक. सारखा पन्नास-साठच्या वर राहत असेल, तर कुणीतरी आत गुपचूप राबतंय. त्या आकड्यावर क्लिक केलंत की सर्वांत जास्त राबणाऱ्याचं नाव वर येईल. पुष्कळदा तो ब्राउझर असतो, वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवलेला! कधी अपडेट चालू असतं, ते थोड्या वेळानं आपोआप थांबतं. अनोळखी नाव दिसलं तर मात्र परस्पर बंद करू नका, मोठ्यांना दाखवा.

आकडा लहान, तरी घों घों चालूच? मग संशय धुळीवर. पट्ट्यांमधल्या फटी धुळीनं बुजल्या, की चिपनं भर उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखं होतं. कॉम्प्युटर बंद कपाटात किंवा भिंतीला चिकटून ठेवला, तरी तेच. आणि मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पंखा खोलीतली तीच गरम हवा फिरवणार. तो काही कूलर नव्हे!

सफाई आई-बाबांबरोबरच करायची. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, मग बाजूचं झाकण उघडा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि चित्रकलेच्या कोरड्या, मऊ ब्रशनं धूळ झटका. ओलं फडकं नको. वीज पुरवणारा पत्र्याचा बंद डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो कधीही, अगदी कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते आणि जबर झटका बसू शकतो. लॅपटॉप असेल तर घरी उघडूच नका.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर दुरुस्तीच्या दुकानात न्यावा लागेल. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली असते. काही वर्षांनी ती वाळते आणि उष्णता पट्ट्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. आणखी एक शक्यता आहे. काही पंख्यांना तीनच वायरी असतात, आणि काही कॉम्प्युटरांना अशा पंख्याचा वेग कमी करताच येत नाही. तो आपला पहिल्यापासून पूर्ण वेगानं फिरतो. आवाज घों घों नसून खरखर असेल, तर पंख्याचं बेअरिंग झिजलंय. तेव्हा मात्र पंखा बदलायचा, अख्खा कॉम्प्युटर नव्हे! बाबांना हे पान वाचून दाखव, आणि टास्क मॅनेजरमधला आकडा किती निघाला ते मला कळव.