परार्धापलीकडील एक संख्या

बुद्धिबळाच्या पटाची कथा आमच्या वाचकांनीं लहानपणीं ऐकलेलीच असेल. पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें चौसष्टाव्या घरापर्यंत जातां जातां राजाचीं कोठारें रितीं होतात. त्या पटास आणखी तीनच घरें असतीं, तर दाण्यांची बेरीज १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ इतकी भरली असती. 'लीलावतीं'तील अठरा स्थानें परार्धापाशीं संपतात. ही एकवीस आंकडी संख्या त्याच्याही पुढें तीन स्थानें जाते.

फ्रान्समधील धर्मोपदेशक व गणिती मारँ मेर्सेन यानें १६४४ सालीं ही संख्या मूळ आहे, म्हणजे एक व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कशानेंही तिला निःशेष भाग जात नाहीं, असें लिहून ठेविलें. पुढें २३२ वर्षें तें विधान कोणास खोडतां आलें नाहीं. १८७६ सालीं एदुआर ल्युका यानें ती मूळ नाहीं हें सिद्ध केलें. मौज ही कीं, तिचा एकही भाजक त्यानें दाखविला नाहीं. घरांत चोर शिरला हें खास, पण तो दडला आहे कोठें हें कळेना, अशांतला हा प्रकार!

तिच्या प्रत्येक मूळ भाजकास १३४ नें भागिलें असतां बाकी एकच उरली पाहिजे, एवढी खूण हातीं होती. तरी चाळावयाच्या संख्या लाखोंनीं उरतात. अखेर ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं न्यूयॉर्क येथें गणितज्ञांच्या सभेंत फ्रँक नेल्सन कोल यानें तो चोर पकडून दिला. असें सांगतात कीं, त्यानें तोंडांतून एक शब्दही न काढतां फळ्यावर १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला, उत्तर जुळलें, आणि तो जागेवर जाऊन बसला. या कामास तीन वर्षांचे रविवार लागले, असेंही तो पुढें म्हणाल्याचें सांगतात.

हें ऐकून आमच्या घरच्या चिरंजीवांनीं विचारलें, "पण तो गुणाकार बरोबर कशावरून?" प्रश्न आम्हांस बोचला, कारण तो आम्हींही करून पाहिला नव्हता. तेव्हां पाटी घेऊन दोघे बसलों. प्रथम नवाचा ताळा घेतला: तिन्ही संख्यांच्या आंकड्यांची बेरीज करीत गेलें असतां शेवटीं एकच उरतो, आणि एक गुणिले एक म्हणजे एक. ताळा जुळला! पण ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असें होत नाहीं. न जुळला तर मात्र चूक खास. म्हणून सबंध गुणाकार केला. पहिल्या खेपेस आमचाच एक हातचा विसरला आणि तो पकडला चिरंजीवांनीं! दुसऱ्या खेपेस एकवीसही आंकडे जुळले.

आज संगणक हें काम निमिषांत करतो, आणि २०२४ सालीं तर चार कोटींहून अधिक आंकड्यांची याच जातीची मूळ संख्या सांपडली आहे. तरी वाचकांनीं एखाद्या रविवारीं मुलांस घेऊन हा गुणाकार अवश्य करावा. थोरांचें वचन आदरानें ऐकावें. ताळा मात्र आपला आपण पाहावा. आमचें वचनही त्यास अपवाद नाहीं.